समोर रिकामी जागा

भाताला काळोख लागतो, हे पारीबायला तिच्या सासऱ्याने सांगितलं होतं आणि सासऱ्याला त्याच्या बापाने. कुठल्या कागदावर ते लिहिलेलं नव्हतं, म्हणून सरकारला ते माहीत नव्हतं.

रोह्याहून कोलाडकडे जाताना रस्त्याला लागून तिचं एक खाचर होतं. बाकीची शेती आत ओढ्याकडे, पण हे खाचर सगळ्यांत सरस. म्हणून पुढच्या सालाचं बियाणं इथलंच धरायचं, असा घरचा रिवाज. तांबडं गरवं, म्हणजे सगळ्यांत उशिरा पिकणारं भात. ते दुकानात मिळत नाही, सरकारी पिशवीतही येत नाही. सासूने मरताना सोनं थोरल्या सुनेला दिलं आणि बियाण्याची मुडी, म्हणजे पेंढ्यात गच्च आवळून बांधलेलं ते भात, पारीला. "जावेचं सोनं सोनाराकडं गेलं," पारी सांगायची, "माझी मुडी घरात हाय."

यंदा दसरा झाला, गावचं गरवं निसवलं, लोंब्या बाहेर पडल्या. रस्त्याकडच्या खाचरात मात्र निम्म्या भागाला लोंबी म्हणून नाही. एक बाजू दाण्याच्या भाराने वाकू लागलेली आणि दुसरी नुसती हिरवीगार, नवरदेवाच्या करवलीसारखी मिरवत उभी.

"युरिया जास्ती झाला असंल, आई," सून शीतल म्हणाली.

"युरिया काय मी फूटपट्टीनं आखून टाकला होता गो?"

कारण हिरव्याची कड अगदी सरळ होती. रस्त्यापाशी अरुंद, आत रुंद, सुपासारखी. पारीने एक ताट उपटलं, लोंबी जिथे धरते ती पोटरी नखाने फोडली. आत काहीच नव्हतं. मग तिने सुपाच्या टोकाकडे मान वर केली.

तिथे नितेशचा फलक होता. दोन लोखंडी तंगड्यांवर उभा केलेला, घराच्या भिंतीएवढा टीव्ही. पाऊस लागायच्या तोंडाला नितेशने तो आपल्या हॉटेलासाठी आणि लग्नाच्या लॉनसाठी बसवला. रात्रभर त्यावर आधी एक नवरी हसायची, मग मिसळीची ताटली फिरायची, आणि मग खुद्द नितेश हात जोडून यायचा, डोळ्याला गॉगल लावून. उन्हाचा गॉगल, आणि दिसायचा रात्री. चार महिने पारी या ध्यानाला हसत आली होती. आता हसू आलं नाही. या उजेडात निम्म्या खाचराला रात्र म्हणून झालीच नव्हती. आतापासून महिनाभर तरी काळोख मिळाला तर हे भात उशिरा का होईना निसवेल. नाहीतर थंडी पडेल, ते तसंच वांझ वाळेल, आणि सासूची मुडी पारीच्या हातून संपेल.

ती तशीच चिखलाच्या पायांनी हॉटेलात गेली. नितेश गल्ल्यावर होता.

"नितेश, तुझा दिवा माझ्या भाताला निजू देत नाय."

"काकी, भात कवा निजतं?" नितेश हसला.

"बापाला विचारायचं होतंस. तो शेती करायचा. तू ती विकलीस, तुला काय म्हायत! तुळशीचं लगीन होईपर्यंत तिन्हीसांजेला बंद ठेव तो."

"तुळशीच्या लग्नापासून माणसांची लग्नं सुरू होतात, काकी. बुकिंगं आताच येतात. आणि परमिशन हाय आपल्याकडं. पंचायतीचा ना-हरकत दाखला हाय. इंजिनेरचा दाखला हाय, वाऱ्यानं पडणार नाय म्हणून."

"पडला असता तर बरा होता."

"बरं, किती जाईल तुझं? दोन पोती? मी चार पोती बासमती पाठवतो. मग तर झालं?"

पारीने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "बासमती पेरून काय उगवतं ते मला आधी दाखव. बियाण्याच्या बदल्यात पॉलिश केलेला तांदूळ देतो म्हणे! उद्या कुणाची गाय मेली तर दुधाची पिशवी नेऊन दे."

दुसऱ्या दिवशी ती शीतलला घेऊन पंचायतीत गेली. पारी दुसरीपर्यंत शिकलेली. अक्षर लागायचं, पण बोट फिरवत, एकेक. शीतल बारावी. म्हणून वाचायचं शीतलने आणि बोलायचं पारीने, अशी वाटणी ठरलेली होती.

ग्रामसेवक भाऊसाहेब घाटावरून बदलून आलेले, वर्षसुद्धा झालं नव्हतं. त्यांनी फलकाची फाईल काढून दिली. शीतल वाचत गेली. मापं, उंची, रस्त्यापासूनचं अंतर, आणि मग अट पाचवी: फलकासमोर वस्ती किंवा शेती असल्यास फलकाचा उजेड त्या बाजूस पडू देऊ नये.

"बघा!" पारी म्हणाली.

"पुढं शिक्का हाय, आई. लागू नाही."

"का लागू नाय?"

शीतलने पान उलटलं. पाहणी अहवाल होता, खाली भाऊसाहेबांची सही. "फलकासमोर: रिकामी जागा. तारीख चौदा मे."

पारी हसली. गावातल्या जुन्या माणसाने ते हसू ऐकून खुर्ची मागे ओढली असती. भाऊसाहेब नवे होते.

"मे म्हयन्यात तर तुमची शाळापण रिकामी असते, भाऊसाहेब. तीपण द्या लिहून नितेशला, लग्नं लावायला."

"आजी, मी जागेवर गेलो होतो. जे दिसलं ते लिहिलं. एक काडी नव्हती तिथं."

"कोकणात वैशाखात शेत बघायला जायचं म्हणजे अवसेला चंद्र बघायला जाण्यातलं झालं. आणि दिसला नाय म्हणून लिहून टाकायचं, या गावाला चंद्र नाय!"

भाऊसाहेबांचे कान लाल झाले. "फेरपाहणीचा अर्ज द्या. फलकवाल्याला पंधरा दिवसांची नोटीस जाईल, मग मासिक सभेत विषय, मग पाहणी."

"म्हंजे कवा?"

"डिसेंबर धरा."

"डिसेंबरात शेत कापलेलं असतंय. पुन्हा येणार, पुन्हा रिकामी जागा लिहिणार आणि पुन्हा घरी जाऊन जेवणार. माझ्या बकरीला याहून जास्ती कळतं. ती निदान चारा असतो तेव्हा शेतात जाते."

भाऊसाहेब फाईल मिटायला लागले, तेव्हा शीतलने आपला मोबाईल टेबलावर ठेवला. ऑगस्टमध्ये तिने पीकपाहणीची नोंद केली होती. सरकारचं ॲप शेतात उभं राहिल्याशिवाय फोटो घेतच नाही. फोटोत पारी गुडघाभर भातात उभी होती, कपाळाला आठ्या घालून, कारण फोटो ही तिच्या मते रिकामटेकड्यांची हौस. आणि तिच्या खांद्यामागे नितेशच्या फलकाच्या दोन लोखंडी तंगड्या.

"हे सातबाऱ्यावर चढलंय, भाऊसाहेब," शीतल हळूच म्हणाली. "पीक, भात."

पारीने फोटो पाहिला. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपल्या आठ्या आवडल्या.

"एका कागदावर भात, एका कागदावर रिकामं," ती म्हणाली. "दोन्ही सरकारचेच. मी आता रोह्याला तहसीलदारांकडं जाते आन् विचारते, यातला खोटा कुठला. जाऊ? का तुम्ही चपला घालताय?"

भाऊसाहेबांनी चपला घातल्या.

खाचरात अजून ओल होती. बांधावरून जाताना त्यांचा पाय सटकला आणि घोट्याच्या वर चिखलात गेला. चप्पल आतच राहिली. पारी बांधावर कमरेला हात लावून उभी होती. तिने हात पुढे केला नाही.

"रिकाम्या जागेत पाय कसा रुतला हो, भाऊसाहेब?"

रस्त्यावर एसटीची वाट बघणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. हिरवं कुठे सुरू होतं, कुठे संपतं, ते भाऊसाहेबांनी स्वतः पावलं टाकून मोजलं. नोटीस आणि सभेची वाट न बघता त्याच संध्याकाळी त्यांचा लेखी आदेश नितेशच्या हातात पडला: पीक निघेपर्यंत सूर्यास्तानंतर फलक बंद. नवरी गेली, मिसळ गेली. काळोखात गॉगल लावून नितेश काय बघत असेल, असं पारी येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची.

भात निसवलं. तुळशीचं लग्न होऊन गेल्यावर, सगळ्या गावाची मळणी चाललेली असताना. लोंब्या तोकड्या आणि निम्म्या पोचट. पारीने ती कापणी मजुरावर सोडली नाही. दाणा न् दाणा पाखडून तिने मुडी बांधली, तेव्हा ती दरवर्षीच्या निम्मीसुद्धा भरली नाही. त्या दिवशी ती कुणाला काही बोलली नाही. शीतलला वाटलं, आईला ताप आला.

पण फलकाचा परवाना वर्षाचा होता, पुढचा द्यायचा तर पुन्हा पाहणी. मे महिना येणार होता, आणि पारीला त्या सगळ्या फाईलीतली एकच ओळ पाठ झाली होती: चौदा मे.

त्या तारखेला भाऊसाहेब आले, नितेश हातात सरबताचा ग्लास घेऊन त्यांच्या मागे. खाचर भेगाळलेलं, एका कोपऱ्यात रोपासाठी पालापाचोळ्याचा राब भाजून काळं पडलेलं. एक काडी नव्हती. मधोमध छत्री उघडून पारी बसली होती आणि तिच्यापुढे ती लहानशी मुडी.

"काकी, गाठोडं मांडलं म्हणून काय शेत होतं?" नितेश म्हणाला.

"गॉगल लावला म्हणून तू शेठ झालास ना? तसंच." मग ती भाऊसाहेबांकडे वळली. "घरचं माणूस निजलं म्हणून घर रिकामं म्हणत नायत. लिहा."

नितेशने ग्लास पुढे केला. भाऊसाहेबांनी तो घेतला नाही. त्यांनी बांधाशी थांबून आधी चपला काढल्या. जमीन खडखडीत वाळलेली, तापलेली. चिखलाचा टिपूस नव्हता. तरी ते अनवाणीच पारीपर्यंत चालत आले, फाईल गुडघ्यावर ठेवली आणि लिहिलं.

पारीने कागद ओढून घेतला. बोट फिरवत, एकेक अक्षर लावत तिने वाचलं: भा, त, शे, ती.

"आता पाचव्या अटीपुढचं ते ‘लागू नाही’ खोडा," ती म्हणाली. "आन् शीतलला बोलवा. तुम्ही खोडलंय का नाय ते ती बघंल."