दोन चिकटपट्ट्या

"आवाज येत नाही" म्हणत येणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी निम्म्यांनी तो स्वतःच बंद केलेला असतो. उरलेल्या निम्म्यांचे कान गेलेले असतात. नालासोपाऱ्यात अकरा वर्षं लॅपटॉप दुरुस्त करून मी एवढं तरी शिकलोय. त्यामुळे ज्युलियस सरांनी लॅपटॉप काउंटरवर ठेवला, तेव्हा मी आधी त्यांच्या कानांकडे पाहिलं.

"कान नको, लॅपटॉप बघ सिद्धेश," सर म्हणाले. "कोणी नीट बोललं की मला सगळं ऐकू येतं."

नीट म्हणजे ओरडून. सर जवळच्या गास गावचे. शाळेतून निवृत्त झाले, घरामागे सोनचाफ्याची वाडी आहे. आमच्या भागात निम्म्या लोकांनी त्यांच्या हातचा मार खाल्लाय. त्यांची बायको फ्लॉसी आंटी तीन आठवड्यांपूर्वी गेली. मयतीला अख्खं गाव होतं, फक्त त्यांचा मुलगा रायन नव्हता. तो कॅनडात असतो, त्याला तिकीट मिळालं नाही असं ऐकलं.

"दर रविवारी संध्याकाळी सातला रायनचा फोन यायचा," सर सांगू लागले. "आवाज इतका बारीक, की फ्लॉसी लॅपटॉपला कान लावून ऐकायची आणि मग मला सांगायची. तुमच्या गुडघ्याचं विचारतोय, चाफ्याला फुलं आली का विचारतोय. गेल्या रविवारी मीच फोन लावून एकटा बसलो. त्याचे ओठ हलताना दिसत होते. सांगायला कोण?"

मग त्यांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. शिक्षकी अक्षरात तीन ओळी होत्या. येता रविवार सोडून पुढच्या रविवारी चर्चमध्ये आंटीसाठी महिन्याची प्रार्थना, म्हणजे मिस्सा होता. रायनने त्यासाठी यावं, हे त्यांना स्वतः सांगायचं होतं.

"सहा वर्षांपूर्वी त्याच्या लग्नाला मी गेलो नाही. माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस म्हणालो. मुलगी आपल्यातली नव्हती, एवढंच. फ्लॉसी म्हणायची, तो विसरला कधीच. पण माफी अशी बायकोच्या हातून पाठवायची नसते रे. मला स्वतः बोलायचंय. आणि तो येतो म्हणाला, तर ते माझ्या कानांनी ऐकायचंय."

मी कामाला लागलो. साउंडचा ड्रायव्हर काढून परत टाकला. व्हिडिओ कॉलच्या अॅपचा आवाज वेगळा असतो, तो कोणीतरी बारावर आणून ठेवला होता, तो शंभरावर नेला. तरीही लॅपटॉप कुजबुजतच होता. शेवटी उलटा केला. खाली दोन्ही बाजूंना स्पीकरची बारीक भोकं असतात. त्या दोन्हींवर जखमेला लावतात ती चिकटपट्टी लावलेली होती. बरोबर मापाने कापलेली, निघू नये म्हणून कोपरे कात्रीने गोल केलेली.

"मुंग्या शिरू नयेत म्हणून लावल्या असतील तिने," सर म्हणाले.

मी हसलो. म्हटलं, आंटींनी स्पीकरलाच मलमपट्टी केली की! पट्ट्या सोलून कचऱ्यात टाकल्या आणि एक गाणं लावलं. समोरचा पाववाला वळून बघू लागला, एवढा मोठा आवाज! सरांचा चेहरा असा उजळला की मी पैसेही घेतले नाहीत. उलट रविवारी घरी येऊन फोन लावून देतो म्हणालो. नको तिथे पुढे पुढे करायची मला खोडच आहे.

रविवारी सर इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. बाजूला आंटीचा फोटो, त्याला चाफ्याची माळ. मी फोन लावला. स्क्रीनवर रायन आला. डोळे थेट आंटीचे.

"तुम्ही कोण?"

"मी सिद्धेश, नालासोपाऱ्याचा. लॅपटॉप रिपेअर केला. सर बोलतात."

सरांनी कागद उघडला, पण वाचला नाही. "रायन, पुढच्या रविवारी मम्मीचा मिस्सा आहे. तू ये. बायकोलाही घेऊन ये. माझं चुकलं, बाळा."

एवढं बोलून ते पुढे वाकले. दोन्ही हात मांडीवर, निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखे.

रायन त्यांच्याकडे न बघता माझ्याशी बोलू लागला. "भाऊ, त्यांचे कान गेलेत, माझं काही ऐकू जात नाही, मम्मीने सांगितलंय. मी येणार नाही. मम्मी होती म्हणून दर संडेला बसायचो. सहा वर्षांत मी त्यांचं नावसुद्धा काढलं नाही, तीच काहीतरी गोड सांगायची त्यांना. तुम्ही पण तसंच काहीतरी सांगा, प्लीज." तो स्क्रीनपासून थोडा मागे सरकला. "मम्मी गेली. आता माझं तिथे कोणी नाही."

प्रत्येक शब्द खोलीभर स्वच्छ ऐकू आला. दुरुस्ती माझी होती ना! आंटीने त्या पट्ट्यांचे कोपरे का गोल कापले होते, ते मला तेव्हा कळलं, आणि माझी मलाच लाज वाटली. सरांकडे बघायचं धाडस होईना.

तेवढ्यात त्यांचा हात पुढे आला. आवाज कमी करायचं बटण शोधायला त्यांना वेळ लागला. मग ते एकेक करून दाबत राहिले, रायनचे नुसतेच ओठ हलायला लागेपर्यंत.

मग त्यांनी कानामागे हात धरला आणि मला विचारलं, "काय म्हणतो रे तो?"

मी नजर बाहेर वळवली. खिडकीतून वाडी दिसत होती.

"चाफ्याला फुलं आली का, विचारतोय."

सरांनी कागदाची पुन्हा घडी केली आणि खिशात ठेवली.

"हो," ते म्हणाले. "फ्लॉसी पण हेच सांगायची."