एकदाच वाजणाऱ्या टेपा

माझे कान गेलेत हे मला ठाऊक होतं. आधीच सांगून टाकतो, उगाच नंतर कोणी म्हणायला नको की म्हाताऱ्याने लपवलं. लपवलं हे खरंच, पण तुमच्यापासून नाही. गेल्या वर्षी कानाच्या डॉक्टरने मला कपाटाएवढ्या खोलीत बसवून आलेख काढून दिला होता. खालचे सूर ठीक, मधले बरे, आणि वरच्या सुरांपाशी रेघ घसरगुंडीसारखी सरळ खाली. तो कागद मी चार घड्या घालून स्क्रू-ड्रायव्हरच्या खणात टाकला. जन्मभर रेकॉर्डिंग केलेल्या माणसाने असला कागद काय भिंतीवर लावायचा?

दोन महिन्यांनी भोंग्याचा फोन आला.

भोंगा म्हणजे आमची गायिका. आवाज असा की माइक बंद पडला तरी कोणाच्या लक्षात येत नसे, म्हणून वादकांनी ते नाव ठेवलं. मी काचेपलीकडून तिचा एक चुकलेला श्वास पकडला, तेव्हा तिने मला कानसेन करून टाकलं. तिशीसुद्धा उलटली नव्हती आमची. ती फंक गायची. फंक म्हणजे काय, असं एका रेडिओवाल्याने विचारलं तर म्हणाली, "डोक्याला नाही, कंबरेला कळतं ते." आणि त्यात वाट्टेल ते मिसळायची. अंगाई काय, गिरणीतल्या बायकांची गाणी काय, अंत्ययात्रेच्या बँडची पितळी रडारड काय! दुकानदारांना कळेना, ही रेकॉर्ड कोणत्या खणात ठेवायची. एका शहाण्याने व्यायामाच्या रेकॉर्डींत ठेवली. सहा रेकॉर्डी निघाल्या आणि सहाही पडल्या. सहाही वेळा काचेमागे मीच होतो. आता या वयात लाजायचं कशाला, मला ती फार आवडायची. तिला ते कळलं होतं. बाकी सगळ्यावरून तिने माझी टिंगल केली, त्यावरून कधी नाही.

"काय रे कानसेन, आहेस ना अजून?" ती फोनवर म्हणाली. दोन शब्दांनंतर धाप लागत होती. "एक कंपनीवाली पोरगी आलीय. माझी सगळ्या जन्माची निवडक गाणी काढतेय. दोन रेकॉर्डी, बावीस गाणी. मी म्हटलं, टेपांना हात लावेल तर कानसेन. नाहीतर काढू नका."

"अगं, आता नवीन पोरं आहेत, नवीन यंत्रं आहेत."

"माझी फुप्फुसं संपलीत. त्यात तू नखरे करू नकोस. ऐक. मला मानपान नको, पेपरात फोटो नको. ज्याने माझं नावही ऐकलेलं नाही असा एक माणूस, एकच, सगळं शेवटपर्यंत बसून ऐकू दे. मधे न उठता. एवढं बघितलं की मी मोकळी."

तेव्हाच सांगायला हवं होतं. अगदी जिभेवर आलं होतं. मी म्हणालो, "टेपा पाठव."

जुन्या टेपांचं एक असतं. त्यांच्यावरचा थर ओल धरतो आणि चिकट होतो. तशाच लावल्या तर यंत्राला गोंदासारख्या चिकटतात. म्हणून आधी मंद आचेवर आठ तास शेकायच्या. मी त्यासाठी फळं सुकवायचं यंत्र वापरतो. शेकल्यावर टेप एकदा नीट वाजते, नशीब असेल तर दोनदा. मग तो थर भुकटी होऊन गळतो, आणि गाणं त्या भुकटीबरोबर जातं. या टेपांची दुसरी प्रत नव्हती.

कंपनीवाली पोरगी स्वतः पेट्या घेऊन आली. मोठी अदबीने बोलली. "काका, आधी जशाच्या तशा उतरवून घ्याल ना? कमी-जास्त आपण नंतर कॉम्प्युटरवर करू."

माझं डोकंच फिरलं. चाळीस वर्षं मी टेप चालू असताना बोटांनी आवाज घडवला, आणि ही मला शिकवणार? "पोरी, तू जेवताना मीठ नंतर वेगळं खातेस का?" मी म्हणालो. बिचारी हसली आणि गेली.

आठ दिवस मी माझ्या रेकॉर्डिंगच्या खोलीत भोंग्याच्या आवाजाबरोबर होतो. ती सव्वीसची, ती चाळीसची, ती साठीची. सगळं ऐकू येत होतं, फक्त कुठेतरी चादर घातल्यासारखं. झांजा मेलेल्या, शब्दांच्या कडा बोथट. मी स्वतःला सांगितलं, टेप जुनी झालीय. टेपच! वरचे सूर चढवायचं ट्रेबलचं बटण थोडं फिरवलं. मग आणखी. मग पार शेवटपर्यंत. आणि काय सांगू, भोंगा समोर येऊन उभी राहिली! आवाज मर्यादेबाहेर गेला की लागतो तो लाल दिवा सारखा लागत होता. मी म्हटलं, ती गातेय म्हणजे दिवा लागणारच. शेवटच्या दिवशी यंत्राखाली तपकिरी भुकटीचा ढीग साचला होता. मी तो पुसून घेतला.

दहा दिवसांनी पोरगीचा फोन. "काका, रागावू नका. फार टोचतंय हो. वरचा आवाज फाटलाय, कॉम्प्युटरवर कमी केला तरी फाटलेलाच राहतोय. एकदा पुन्हा टेपा..."

"टेपा संपल्या," मी ओरडलो. "आणि तुझ्या जन्माआधीपासून मी या बाईचा आवाज सांभाळतोय!"

तिने घाबरून भोंग्याला विचारलं. भोंगा म्हणाली, "कानसेनने केलंय ना? मग छापा." तिच्याकडे थांबायला दिवस नव्हते. छापलं.

माझी प्रत आली तेव्हा मी खुशीत लावून बसलो होतो. लेक भाजी घेऊन आली आणि दारातच पिशवी टाकून तिने दोन्ही कान दाबले. ती दातांची डॉक्टर आहे. "बाबा, बंद करा आधी! माझं ड्रिल बरं याच्यापेक्षा."

"थट्टा करू नकोस."

तिने माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहराच उतरला. "बाबा, तुम्हाला खरंच ऐकू येत नाहीये?" मग ती माझ्या शेजारी बसली आणि तिने मला मोबाइलवर लोकांनी काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. एकाने लिहिलं होतं, बाई थोर असतील, पण दोन गाण्यांवर ऐकवत नाही. दुसऱ्याचा कुत्रा पलंगाखाली जाऊन बसला होता. बावीस गाणी पूर्ण ऐकलेला एकही माणूस त्यात नव्हता.

चाळीस वर्षं जिला कोणी ऐकलं नाही, तिला आता कोणाला ऐकताही येणार नाही, आणि हे मी केलं. माझ्या ताठ्याने केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रेकॉर्डी काखेत मारून मी तिच्याकडे निघालो. सांगायचं ठरवूनच निघालो होतो.

ती उशांना टेकून बसली होती. एवढीशी झाली होती. नाकात नळी, पलंगाशेजारी ऑक्सिजनचं यंत्र. त्या आठवड्यातच आलेली नर्स खिडकीपाशी खुर्चीत बसून टॉवेलांच्या घड्या घालत होती.

"हिने माझं नावही ऐकलेलं नाही," भोंगा आनंदाने म्हणाली. "हो ना गं?"

"नाही हो आजी," नर्स म्हणाली.

"लाव कानसेन. काही बोलू नकोस, आधी लाव."

मी लावली. पहिल्या झांजेला नर्सच्या हातातला टॉवेल पडला. पण भोंगा! तिने डोळे मिटले आणि तिचा पाय पांघरुणाखाली हलायला लागला. "अगदी अस्संच होतं," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी चाललं होतं. "इतकी वर्षं मला सगळं दबकं ऐकू यायचं. म्हटलं, माझंच गाणं तसलं असेल. तू उघडून दिलंस बघ."

तेव्हा मला कळलं. चाळीस वर्षं आम्ही दोघं एकाच खोलीत, त्याच दोन स्पीकरांसमोर, तेवढ्याच मोठ्या आवाजात बसलो होतो. माझ्या आलेखातल्या त्या घसरगुंडीवर ती माझ्याआधीच खाली उतरली होती.

नर्स उठून बाहेर गेली. दुसरं गाणंही संपलं नव्हतं.

भोंग्याने डोळे उघडले आणि रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. पाय थांबला. "गेली," ती म्हणाली. "नेहमीसारखंच." ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण नर्स परत आली. केस मोकळे सोडून, कानांवर घेऊन आली. खुर्ची पलंगापाशी ओढून बसली आणि हात मांडीवर ठेवले. एक बाजू संपली, मी उलटली. दुसरी लावली. तिच्यामागून जाताना केसांखाली कापसाचे पांढरे बोळे दिसले. चारही बाजू झाल्या. ती उठली नाही.

"कसं वाटलं गं?" भोंग्याने विचारलं.

नर्स तिच्या ओठांकडे बघत होती. "फार छान, आजी!" ती ओरडलीच. कानांत कापूस असलेल्या माणसाला आपला आवाज कळत नाही.

भोंगा इतकी हसली की तिला ठसका लागला. नर्सने पाणी दिलं, पाठ चोळली. मी खाली मान घालून सगळं सांगितलं. आलेख, लाल दिवा, भुकटी, कुत्रा, काही म्हणून ठेवलं नाही. हळू आवाजात सांगितलं. मोठ्याने सांगायची माझी छाती नव्हती.

"काय पुटपुटतोयस?" भोंगा म्हणाली. "नीट मोठ्याने बोल की!"

मी मान वर केली. ती सव्वीस वर्षांची असताना मी पाहिला होता तसा तिचा चेहरा झाला होता.

"म्हटलं, शेवटपर्यंत बसली," मी मोठ्याने म्हणालो.

"बसलीच मुळी! मी बघत होते." तिने पांघरूण सारखं केलं. "आता पहिल्यापासून लाव."

मी नर्सकडे पाहिलं. तिने केस पुन्हा कानांवर घेतले आणि खुर्ची थोडी पुढे ओढली.