पटावरची सत्तावीस नावं

"पट कोणत्या तारखेचा धरणार?" मोकलबाईंनी विचारलं आणि सभेतली कुजबुज थांबली.

केंद्रप्रमुख हैबतरावांनी परिपत्रक नुकतंच वाचून संपवलं होतं. मार्चमध्ये विस्तार अधिकारी प्रत्येक शाळेत जाऊन मुलांची परीक्षा घेणार. ज्याचा निकाल नव्वद टक्क्यांच्या वर, त्या शिक्षकाला दोन आगाऊ वेतनवाढी आणि मागेल त्या गावी बदली. शिवाय त्याच्या शाळेला दुरुस्तीचा निधी सर्वांत आधी. शहाण्णव सालचा दसरा नुकताच झाला होता आणि पेण तालुक्यातले तीसेक शिक्षक एका वर्गात लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसले होते.

"परीक्षेच्या दिवशी जो पट असेल तो," हैबतराव म्हणाले.

"हे आधीच व्हायला हवं होतं," पोपट उठून म्हणाला. गागोद्याच्या वाटेवरल्या एका वाडीत तो चार वर्षं शिकवत होता. हुशार, तडफदार पोरगा. "राबणाऱ्यालाही तोच पगार आणि खुर्ची उबवणाऱ्यालाही तोच. मग राबायचं कुणी?"

"आणि ज्याच्या शाळेवर धड छप्पर नाय, त्यानं काय करायचं?" मागून एक म्हातारे गुरुजी म्हणाले. "पैशे त्याला आधी द्यायचे, का पहिल्या आलेल्याला?"

मग जो तो बोलू लागला. चंद्रावती मोकलबाईंना दोघांचंही पटत होतं. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी खुर्ची उबवणारेही पाहिले होते आणि गळकी छपरंही. पण त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. मागेल त्या गावी बदली.

त्यांना रोहा हवं होतं. रोह्याला त्यांची आई, गिरजाबाई, एकटीच राहायची. दोन वर्षांत तिची नजर पार गेली होती. शेजारीण दोन वेळचं ताट आणून देई. बाईंचा संसार फार दिवस टिकला नव्हता. लग्नानंतर तिसऱ्याच वर्षी नवरा वारला, आणि तेव्हापासून नोकरी आणि आई एवढंच त्यांचं जग होतं. पेणला रामवाडीत त्या खोली घेऊन राहत. शनिवारी सकाळची शाळा आटोपली की गाडीनं रोह्याला जायच्या, आठवड्याची कामं उरकून रविवारी संध्याकाळी परतायच्या. बदलीचे चार अर्ज कुठल्या कपाटात पडले होते, कुणास ठाऊक.

सभा संपल्यावर हैबतरावांनी त्यांना बाजूला घेतलं. "मोकलबाई, तुमची संधी आहे. दिवाळीनंतर तुमची किती मुलं मिठाच्या आगरावर जातात?"

"नऊ."

"त्यांची नावं कमी करा. 'सतत गैरहजर' असा शेरा मारायचा. नियमातच बसतं ते. उरली अठरा. त्यांचा निकाल तुम्ही नव्वदच्या खाली आणणार नाही, हे मी लिहून देतो."

माणूस वाईट नव्हता. बाईंच्या आईचं त्याला ठाऊक होतं, म्हणूनच तो सांगत होता.

बाईंची शाळा खाडीकाठच्या दांडखार वाडीत होती. एकशिक्षकी. पहिली ते चौथी मिळून सत्तावीस मुलं. दिवाळी सरली की वाडीतली अर्धी घरं मिठागरावर मुक्कामाला जात, आणि आईबापांबरोबर ती नऊ मुलंही. दिवाळीच्या सुटीनंतर पहिल्या दिवशी बाईंनी हजेरीपट उघडला. पेनचं टोपण काढलं. पहिलंच नाव मालूचं होतं. तिसरीतली पोर, जोडाक्षर आलं की अडायची. एकदा काढलेलं नाव पुन्हा चढत नाही, हे बाईंना अनुभवानं माहीत होतं. शाळा आपल्याला विसरली की माणसं शाळेला विसरतात.

त्यांनी टोपण लावलं, आणि शाळा सुटल्यावर चपला हातात घेऊन बांधावरून मिठागराची वाट धरली.

मालूच्या आईनं, सगुणानं, त्यांना लांबूनच पाहिलं. "बाई, तुमी हिकडं? पोर काय शालंत येनार नाय आता. ती नसली तं धाकट्याला कोन सांभालील?"

"तिला शाळेत नको पाठवू. मीच येते. उन्हं कलली की दीड तास द्या मला, बास."

"तुमाला कोनी सांगितलंय का?"

"नाही गो."

सगुणानं हाताचं मीठ लुगड्याला पुसलं आणि हाक मारली, "मालूऽऽ, पोरांना घेऊन ये गो!"

पहिल्या दिवशी काही लिहून झालंच नाही. खाऱ्या पाण्यानं पोरांची बोटं उलली होती, पाटीवरची पेन्सिल धरवत नव्हती. दुसऱ्या दिवशी बाईंनी खोबरेल तेलाची बाटली नेली. आधी नऊ जोड्या हातांना तेल, मग पाढे, मग वाचन. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. परतताना शेवटची एसटी चुकली, तर मिठाच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून बाई रामवाडीला यायच्या. या शिकवणीची नोंद कुठल्याच कागदावर नव्हती.

रोह्याला आई विचारायची, "औंदा येशील ना गो चंद्रा?"

"बघू," त्या म्हणायच्या, आणि तिचे केस विंचरायला घ्यायच्या.

मार्चमध्ये विस्तार अधिकारी आले. त्या दिवशी सगुणानं आणि इतर घरांनी आपणहून मुलं पाठवली होती, तेल लावून, भांग पाडून. साहेबांना एका ओळीत सत्तावीस मुलं बसलेली दिसली. अठरांपैकी सतरा पार झाली. मग आगरावरची पोरं आली. पाच पार झाली, तीन अडली. शेवटी मालू उभी राहिली. उताऱ्याच्या चार ओळी तिनं बोट ठेवून वाचल्या. पाचव्या ओळीत 'राष्ट्र' आलं आणि ती थांबली. कपाळावर घाम आला. तिनं बाईंकडे पाहिलं, बाईंनी नजर खाली वळवली. मदत करायची नव्हती.

"बस," साहेब म्हणाले आणि तक्त्यात फुली मारली. बेरीज केली. सत्तावीसपैकी बावीस. एक्क्याऐंशी टक्के.

"साहेब, एक विचारू?" बाई म्हणाल्या. "दिवाळीत या पोरीला जोडाक्षर फोडता येत नव्हतं. आज तिनं चार ओळी वाचल्या. दिवसभर आगरावर भाऊ सांभाळून. हे तक्त्यात कुठं लिहायचं?"

साहेबांनी तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला. खरोखरच शोधत होते बिचारे. "त्याला रकाना नाही, बाई," ते हळूच म्हणाले.

मे महिन्यात यादी लागली. पोपटचा निकाल शंभर टक्के. त्यानं बदलीही रोह्यालाच मागितली होती, आणि ती त्याला मिळाली.

बाईंनी यादी वाचली, पोपटला पेढ्यांसाठी हसून हटकलं, आणि सुटीत रोह्याला जाऊन आईचं सामान बांधलं. चाळीस वर्षांचं घर एका ट्रंकेत आणि दोन बोचक्यांत मावलं. गाडीत गिरजाबाई मुलीचा हात घट्ट धरून बसली. "नवा उंबरा मला पायाला कसा गावायचा गो?" एवढंच ती म्हणाली. पेण येईपर्यंत बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

जूनमध्ये दांडखारच्या शाळेत सत्तावीसच्या सत्तावीस मुलं आली. वर चार नवीन.

त्यानंतरच्या रविवारी पोपट रामवाडीला खोलीवर आला. भिजलेला होता. चहाचा कप हातात धरून बसला.

"रोह्याला कधी हजर होताय?" बाईंनी विचारलं.

"उद्या." त्यानं कप खाली ठेवला. "बाई, मी सात नावं कमी केली होती. वीटभट्टीवर गेलेली पोरं. म्हटलं जूनमध्ये परत घालू. पण आली नाहीत एकही. निरोप धाडला, तर जनूचा बाप म्हणतो, तुमच्या वहीत आमचं पोर नाय, मंग शालंत कशाला?" त्यानं ओल्या बाहीनं तोंड पुसलं. "नवे गुरुजी अजून यायचेत. मी गेलो तर दारं लावून घेतात. तुम्ही आगरावर जाऊन शिकवायचात म्हणे. तिथल्या लोकांशी काय बोलायचात, ते मला सांगा."

"सांगून यायचं नाही ते, तिथं जायला हवं," बाई म्हणाल्या. पण आठवड्यातला हा एकच अख्खा दिवस त्यांना आईजवळ मिळायचा. कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेली गिरजाबाई सगळं ऐकत होती.

"जा गो," ती म्हणाली. "मी बसतेय हितं."

पोपटच्या वाडीपर्यंत टेंपो जात नव्हता. शेवटचा मैलभर दोघं चिखलातून चालत गेले. पुढे बाई, हातात साडीचा ओचा, मागे पोपट छत्री धरून. पहिल्याच, जनूच्या झोपडीच्या दाराला ताटी लावलेली होती. पोपट थबकला.

बाई पुढे झाल्या. ताटीला हात न लावता पागोळीखाली उभ्या राहिल्या आणि वाडीतल्या बायका एकमेकींना घालतात तशी साद त्यांनी घातली, "जनू हाय का गो घरी?"

आत बोलणं थांबलं. मग कुणीतरी बसायला जमिनीवर पाट सरकवल्याचा आवाज आला.