अलाउद्दीनचं मशीन दहा मिनिटांनी दमतं

अलाउद्दीन हैबतरावाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवायचा. पौडच्या आसपास लग्न ठरलं की लोक आधी त्याची तारीख विचारत. बासष्ट सालच्या पावसाळ्यात त्याच्या छातीत पाणी झालं आणि डॉक्टरांनी फुंकणं कायमचं बंद केलं. हैबतराव माणूस वाईट नव्हता. "बत्ती उचल माझ्याकडं," म्हणाला. म्हणजे वरातीत डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालायचं आणि आपलं वाद्य दुसऱ्याच्या तोंडी बघायचं.

अलाउद्दीनने बत्ती उचलली नाही. मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून लोखंडी कांडी सरकवत वाजवतात ती गिटार तो वर्षभर घरात बसून शिकला. ढोलापुढे तिचा आवाज पोचेना, तेव्हा पुण्याच्या जुन्या बाजारातून ट्रान्सफॉर्मर, व्हॉल्व्ह आणि कंडेन्सर गोळा करून त्याने पत्र्याच्या पेटीत स्वतः अँप्लिफायर बांधला. मी शाळेत शास्त्र शिकवायचो. तारांच्या जोडणीचा नकाशा कसा वाचायचा हे मी सांगितलं, बाकी सगळं त्याच्या हातचं. आतल्या तारा वेणी घातल्यासारख्या नेटक्या.

आता हैबतराव रविवारी चार वाजता ऐकायला येणार होता. मांडवात बसून वाजवायला अलाउद्दीनला घ्यायचं, की बत्तीच द्यायची, हे त्या दिवशी ठरणार होतं. आणि मशीन रुसलेलं. सुरू केलं की गोड वाजायचं, मग आवाज घोगरा होत होत बसायचा.

रविवारी दुपारी मी गेलो.

"गिरणीमुळं लाईट बसतिया, गुरुजी," अलाउद्दीन म्हणाला.

"आज गिरणी बंद आहे. भिंतीतली वीज मोज बरं."

त्याने मीटर लावला. दोनशे वीस व्होल्ट. काटा हलेना. म्हणजे दोष पेटीतच होता.

त्याने डावा हात पाठीमागे घेतला. ही सवय मीच लावली होती. वीज एका हातातून शिरून दुसऱ्यातून निघाली तर वाटेत काळीज असतं. मग उजव्या हाताने एकेक जागा मोजत गेला. व्हॉल्व्हना पोचणारा दाब अडीचशे व्होल्ट हवा होता, तो अडीचशेच भरला. त्याने लगेच बटण बंद केलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा मोजलं, पुन्हा बंद. चार वेळा तेच, आणि चारही वेळा सगळं ठीक.

त्याची बायको ताजबी सूप घेऊन तांदूळ निवडत होती. रिहे गावची मुलगी, मी तिथल्या शाळेत होतो तेव्हा दुसरीपर्यंत माझ्याच हाताखाली शिकलेली. ती म्हणाली, "अवं, मशीन दमतंय दहा मिन्टांनी, आन् तुमी मोजताय पयल्या मिन्टाला. कसं घावंल?"

"जास्त येळ ठेवलं तर व्हॉल्व्ह जळंल की."

"मग ठेवा राखून. बत्ती उचलताना खिशात घालून फिरा."

मला हसू आवरेना. अलाउद्दीनने बटण दाबलं आणि काटा वाचायला तिलाच बसवलं.

"अडीचशे," ताजबी म्हणाली. बराच वेळ काटा तिथंच. "दोनशे तीस. अजून खाली चाललाय. एकशे नव्वद!"

शेवटच्या व्हॉल्व्हच्या पोटातला पत्रा लालसर दिसू लागला होता. अलाउद्दीनने घाईने बटण बंद केलं. तो व्हॉल्व्ह गरजेपेक्षा फार जास्त वीज ओढत होता, म्हणून दाब खाली बसत होता. किती ओढायची हे त्याच्या आतली बारीक जाळी ठरवते. त्या जाळीवर काटा शून्याला राहायला हवा. आम्ही पुन्हा तापवून मोजलं, तर काटा सहावर.

"तितं येऊ नये ते आलं कुटनं?" ताजबीने विचारलं.

अलाउद्दीन तिला समजावू लागला, "पयल्या व्हॉल्व्हकडनं हिकडं निसता आवाज यायचा. वीज येऊ नये म्हणून मधी ह्यो कंडेन्सर हाय."

"म्हंजे बांध?"

"व्हय. बांधच म्हण."

"मग खेकड्यानं भोक पाडलंय त्याला. वरच्या खाचरातलं पाणी उतरलं आन् खालचं तुंबलं, की आमी दुसरं काय बघतच न्हाई. बांध चाचपतो."

हे वर्गात समजावायला मला तीन तास लागले असते आणि तरी निम्मी मुलं खिडकीबाहेर बघत बसली असती.

बटण बंद होतं. पेटीत साठलेली वीज उतरवून अलाउद्दीनने शेगडीत तापलेल्या तांब्याच्या सळईने कंडेन्सरच्या एका टोकाचा डाख सोडवला आणि मशीन पुन्हा सुरू केलं. आवाजाची वाटच तुटल्यामुळे पेटी मुकी होती. आम्ही तिघं काट्याकडे बघत बसलो. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. अडीचशे. व्हॉल्व्ह लाल झाला नाही.

माझ्याकडे वर्गात उघडून दाखवायला एक मेलेला रेडिओ होता. त्यातला तसाच कंडेन्सर मी आणून दिला. अलाउद्दीनने तो जोडला. साडेतीन वाजले होते. त्याचा हात गिटारकडे जात होता, पण तो म्हणाला, "आधी दहा मिन्टं." आणि खरंच दहा मिनिटं गिटारला शिवला नाही. त्याच्या त्या थांबण्याचं मला फार कौतुक वाटलं.

हैबतराव आला, खाटेवर बसला, डोळे मिटले. अलाउद्दीन अर्धा तास वाजवत होता. आवाज अंगणाबाहेर गेला, रस्त्यावरची माणसं कुंपणाशी थांबली. शेवटपर्यंत कुठे घोगरेपणा नाही.

हैबतरावाने डोळे उघडले. "माघात लग्न हाय. मांडवात पुढं बसायचं." मग पेटीकडे संशयाने बघत म्हणाला, "मधीच बिघडलं तर?"

"हिला इचारायचं," अलाउद्दीन म्हणाला. "आजचा दोष हिनंच काडला."

हैबतरावाने ताजबीकडे नीट बघून घेतलं. "मग बैलगाडीत हिची बी जागा धरा."

"आन् जेवायला?" ताजबीने सूप बाजूला ठेवत विचारलं.

"वाजिंत्र्यांच्या पंगतीत," हैबतराव म्हणाला.