एकटीचं "नाई"

सासूचं बोलणं संपायच्या आत सुनेनं तोंड उघडावं, तेही भर गावसभेत, आणि तेही उलटं, हे बायनाबाईला मुळीच पटलं नव्हतं. सभेतून घरी येईपर्यंत वाटेत जो भेटला त्याला तिनं ते सांगितलं. सांगायला कोणी उरलं नाही तेव्हा गोठ्यातल्या गाईला सांगितलं.

"घरी बोलाचं होतं ना. घरी का मी तिच्या तोंडाले कुलूप लावलं होतं? मी म्हणतो पूर्व, तर हे म्हणते पश्चिम. आन तेही जंगूभाऊच्या समोर."

गाय रवंथ करत राहिली. सून रिना मागच्या दारी भांडी घासत होती. तिला सगळं ऐकू येत होतं, आणि यावं म्हणूनच बायनाबाई गोठ्यात उभी होती.

भांडण बिडीच्या तेंदूपानाचं होतं. कुरखेड्याच्या या अंगाची काही गावं आपलं पान गट करून विकत. लिलाव एक, भाव एक. ठेकेदाराला पान पाहिजे तर सगळ्या गावांचं घ्यावं लागे. इथलं मोठं, नितळ पानही आणि डोंगराकडच्या हेटीटोल्याचं फोड आलेलं पानही. यंदा एका ठेकेदारानं निरोप धाडला होता: तुमचं गाव गटातून निघालं तर तुमच्या एकट्या पानाला चढा भाव देतो. तेव्हापासून गावात दुसरी गोष्ट नव्हती. हापशीवर तेच, मोहाच्या झाडाखाली तेच. गट सोडून काय मिळेल हे सगळे सांगत. काय जाईल, यावरून मात्र भाऊ भावाशी बोलेनासा झाला होता.

गट सोडा म्हणणाऱ्यांत बायनाबाई सगळ्यांच्या पुढे. तिचं साधं होतं. मे महिन्यात अंधारात उठायचं, वाघाच्या भीतीत झुडपाआड वाकायचं, बोटं काळी होईपर्यंत पानाचे पुडे बांधायचे. मग हेटीटोल्याच्या फोडाच्या पानाला आपल्या पाठीवर बसवून बाजारात काऊन न्यायचं? सभेत तिनं हेच सांगितलं आणि बायांनी माना डोलावल्या. अध्यक्ष जंगूभाऊनं रीतीप्रमाणे विचारलं, "कोणाचं काई म्हणणं?"

या गावात हात वर करून मोजत नाहीत. सभेत बसलेल्या सगळ्यांचं हो झालं तर ठराव, एकाचंही नाही आलं तर सभा पुढं ढकलायची. मग त्याला समजवायचं, नाहीतर आपण समजून घ्यायचं. बायनाबाईला या रीतीचा मोठा तोरा. गावात दारूचं दुकान येऊ घातलं तेव्हा आधी तिचं एकटीचंच नाही होतं, आणि ते दुकान आजवर आलेलं नाही.

पण आज नाही म्हणाली ती रिना.

"माहं नाई," ती म्हणाली. "यंदा देईन तो जास्तीचा भाव. पण आपण निघालो की गट मोडला. पुढच्या साली तोच ठेकेदार म्हणन, देतो तेवढं घ्या, नाईतर पान ठेवा घरी. तवा आपण कोणाकडं जाऊ? आन डोंगरावर आग लागली की रातभर हेटीटोल्याची माणसं विझवतात. ती आग खाली उतरली तर आपलं मोठं पान कुठी राहीन?"

बायनाबाईनं तिला पुरतं बोलू दिलं नाही. "माहेरचं पान विकाले बसली का वं इथी?" असा टोला हाणला. सभा हसली. रिनाचं माहेर हेटीटोलाच. तिचे डोळे भरले, पण तोंडातून हो काही निघालं नाही. सभा परवावर गेली.

दुपारी जंगूभाऊ आला. सोबत ठेकेदाराचा दिवाणजी, इस्त्रीच्या सदऱ्यातला. रिना विहिरीवर गेली होती. बायनाबाईनं चहा ठेवला.

"बाई, तुमी तर म्हटलं होतं, माहं घर माह्या मागं हाये," दिवाणजी म्हणाला.

म्हटलं होतं खरं. सुनेला न विचारताच म्हटलं होतं. बायनाबाईनं बशी जरा जोरातच ठेवली. "घरच हाये ते, हाकलं तिकडं जाणारी बैलबंडी नाई. चहा घ्या."

"घेतो ना. मी का म्हणतो, पोरीले माहेरी जाऊन लय दिवस झाले असतीन. उद्या सकाळी धाडा. सभा परवा काऊन, उद्याच घेऊ. जे बसले त्यांचं हो झालं, का झाला ठराव. रीत मोडत नाई आन मन बी दुखत नाई कोणाचं."

जंगूभाऊ चहात बघत होता. "रीत तर मोडत नाई," तो हळूच म्हणाला, पण मान वर केली नाही.

बायनाबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "माह्या सुनेले माहेरी कवा धाडाचं ते मी पाहतो." हे हो होतं की नाही ते दिवाणजीला कळलं नाही. पण संध्याकाळी तिनं रिनाला सांगितलं, "उद्या अश्विनसंगं माहेरी जाऊन ये. तुह्या मायचे गुडघे दुखतात म्हणत होती ना."

रिना दळण तसंच टाकून उठली. सकाळच्या बोलण्यावर ही माया कुठून आली, तिला कळेना. "खरंच जाऊ आई? तुमी रागात होत्या ना."

"राग येगळा, माहेर येगळं. जा म्हटलं तर जा. लय सवाल नोको करू."

सकाळी रिना अंघोळ करून, केस विंचरून तयार झाली. पिशवीत मायसाठी लाखोळीची डाळ भरली. रात्रीच तेल कोमट करून तिनं बायनाबाईचे पाय चोळले होते, न सांगता, रोजच्यासारखे. रागात असली तरी या पोरीचा हात कधी जड होत नसे. बायनाबाईला रात्रभर ते पाय स्वतःचे वाटले नव्हते.

अश्विननं मोटारसायकल काढली. माय आणि बायको, दोघींच्या मधात तो कधी पडत नसे. सभेतही दारातच उभा राही, म्हणजे निघायला बरं. रिना मागं बसली, पदर खोचला आणि काहीतरी आठवून परत उतरली. सासूजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली,

"आई, एक सांगू? सभा उद्या हाये. आज सांजी मी येतोच. पण गाडी बंद पडली, मायचं दुखणं वाढलं, तर माहं येणं होणार नाई. तवा माहं नाई तुमी सांगाल सभेत?"

"मी?"

"तुमाले पटत नाई, ठाऊक हाये मले. पण दुसऱ्या कोणाले सांगितलं तर तो आपल्या मनचं जोडन. तुमी जोडणार नाई. जसं हाये तसं ठेवाल."

एवढं बोलून ती परत गाडीवर बसली. मनातलं ओझं उतरल्यासारखी सैल बसली, आणि अश्विनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "चला."

बायनाबाई आयुष्यात पुष्कळ भांडली होती. पाणी, धुरा, कोंबडी, दारू, कशावरूनही. पण भांडणातल्या समोरच्या माणसानं आपलं म्हणणं तिच्याच ओटीत टाकून निर्धास्त निघून जावं, हे तिच्याबाबतीत कधी घडलं नव्हतं. समाजमंदिराकडून, गाडीच्या आवाजाआड, सभेची दवंडी ऐकू यायला लागली होती. पोचू कोतवाल गल्लीगल्लीत सांगत फिरत होता. थोड्या वेळात तो या गल्लीत आला असता, आणि तोवर गाडी नाल्यापार गेली असती.

गाडी फाटकातून बाहेर पडत होती.

"अश्विन, थांब रे."

गाडी थांबली. रिनानं मागं वळून पाहिलं. काही राहिलं असेल म्हणून तिनं पिशवी चाचपली.

बायनाबाई पायात चपला न घालताच तिच्यापाशी गेली. तोंड तेच, सभेतलं. हात मात्र सुनेच्या गुडघ्यावर टेकला होता.

"उतर खाली. सभा उद्या नाई, आज हाये, आत्ता हाये. तू नसली का झटक्यात ठराव होते, म्हणून धाडत होतो मी तुले. माहेरी सभा झाल्यावर जाजो, चार दिवस राहजो, डाळ आनखी नेजो. तुही गोष्ट चूक हाये. काल म्हटलं, आज बी म्हणन, सगळ्यायसमोर म्हणन. पण तुहं नाई मी सांगणार नाई. तुहं तू सांग, माह्या तोंडावर सांग. आन कालच्यासारखं बसल्याबसल्या पुटपुटू नोको. उभी राहून बोल. मागच्या बायांले आयकू येत नाई."