निळ्या झग्याची तुरपाई

आजीने कोटाच्या कोपरावर विटेचा तुकडा घासला, खिडकीच्या उजेडाला धरून पाहिलं आणि पुन्हा घासायला घेतलं. कोट कालच शिवून झालेला. टीप सरळ, अस्तर घट्ट, दुसऱ्या शिंप्याने बघून जळावं असा. आता त्याचा गरिबाचा कोट करायचा होता, कारण मालिकेतली शिंपीण गरीब होती.

"अजून मळका हवाय म्हणे," सून इस्त्रीवरून म्हणाली. "सेटवरून दोनदा निरोप आला."

"मळका? गरीब माणूस कपडे धूत नाही हे यांना कोणी सांगितलं? झिजलेला म्हणाले असते तर समजले असते. झिजतो बिचारा. पण मळका ठेवायला अंगात आळस लागतो, आणि तो पैसेवाल्यांनाच परवडतो."

"आई, जपून. भोक पडेल."

"पडू दे. भोक बघून तर पेढे वाटतील मेले."

मालिकेचा हा पहिलाच सीझन होता. बड्या घरांतली पोरं, त्यांची महागडी शाळा, कोणी कोणाशी बोलेना, कोणाच्या बापाने कोणाच्या बापाला बुडवलं, असा सगळा मामला. सेटवरच्या बंगल्याचा जिना दहा पायऱ्या चढून प्लायवूडला टेकत होता. श्रीमंतांचे कपडे एका दुकानातून भाड्याने यायचे, किमतीच्या चिठ्ठ्या आतून टाचलेल्याच, आणि सक्त हुकूम असा की भाड्याच्या कपड्याला सुई लावायची नाही. अंगाला सैल झाला तर पाठीमागून चिमटे लावा. त्यामुळे ती माणसं समोरून कोट्यधीश दिसत आणि मागून वाळत घातल्यासारखी.

कपड्यांची खोली आजीच्या हुकमतीखाली होती. मशीनवर तिचा मुलगा, इस्त्रीवर सून. तोंडावर सगळे तिला आजी म्हणत आणि पाठीमागे कात्री. तिला दोन्ही ठाऊक होतं आणि दुसरं जास्त आवडत होतं. सतरा वर्षांची नात तेवढी कॅमेऱ्यापुढे होती. शिंपिणीच्या मुलीचं काम करायची. नऊ भागांत मिळून ती अकरा वाक्यं बोलली होती आणि त्यातली चार नुसतीच "हो, मॅडम".

जेवणाआधी शेवटच्या भागाची पानं आली. आजीला अक्षरं जुळवून वाचता येत असे, पण एक पान संपेस्तोवर चार काजं होतात, म्हणून पानं नेहमी सून वाचून दाखवायची. कोणाला कुठला कपडा लागेल ते आजी ऐकता ऐकता बोटांवर धरून ठेवायची.

"बंगल्याच्या मालकिणीचा निळा रेशमी झगा शिंपिणीकडे दुरुस्तीला येतो," सून वाचू लागली. "शिंपिणीची मुलगी तो झगा एका संध्याकाळपुरता घालून पार्टीला जाते."

आजीच्या हातातली वीट थांबली.

"पुढे."

"झग्यावर डाग पडतो. दुसऱ्या दिवशी मालकीण झगा घालते, तिला डाग दिसतो. ती शिंपिणीला बोलावून घेते. शिंपीण..." सुनेने पान डोळ्यांजवळ धरलं.

"दातखीळ बसली का? वाच."

"शिंपीण मालकिणीचे पाय धरते. मुलगी दारातून बघते."

खोलीत मशीनचा आवाज तेवढा चालू होता.

ही गोष्ट त्या घरात प्रत्येकाला पाठ होती. आजी सव्वीस वर्षांची असताना एका मोठ्या घरचं शिवणकाम करायची. मालकिणीचा निळा झगा घरी आला होता आणि धाकट्या बहिणीचं लग्न होतं. आजीने तो घातला, लग्नात मिरवली, सकाळी परत घडी घातली. कोणाला सुगावाही लागला नसता. पण झग्याच्या घेराची तुरपाई डाव्या अंगाला वाकडी होती. कुठल्या तरी नावाजलेल्या दुकानाची, आणि वाकडी! रात्रभर तिला ते सलत राहिलं. पहाटे तिने ती उसवली आणि सरळ घातली. मालकिणीने नेमकी तीच सरळ तुरपाई पाहिली आणि झगा बाहेर हिंडून आला हे ओळखलं. मग आजी तिला म्हणाली, "आधी वाकडी होती, आता सरळ आहे," आणि मागे वळूनही न बघता घराबाहेर पडली.

सांगून सांगून ती गोष्ट गुळगुळीत झाली होती. सून आली तेव्हा तिला सांगितली, नातीला तर झोपवताना. मुलगा मात्र गोष्ट "आधी वाकडी होती"पर्यंत आली की पाणी प्यायला उठायचा. याला लहानपणापासून तहान फार, असं आजी म्हणायची.

तिने हात झटकले. सकाळीच दुकानातून भाड्याने आलेला निळा झगा खुंटीवरून उतरवला, कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि चावी कंबरेला खोचली.

"आई, तीन वाजता सीन आहे," सून हळूच म्हणाली.

"त्या लेखकाला बोलाव. म्हणावं, मापं घ्यायची आहेत."

लेखक आला. कोवळा, चष्मेवाला, दोन पेन खिशाला लावून एकानेही न लिहिणारा.

"आजी, माझी मापं?"

"तुझ्या अकलेची घेते. टेप पुरून उरेल. डाग कुठून आला रे?"

त्याने पानांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तुमच्या नातीने गोष्ट सांगितली. सगळ्यांना इतकी आवडली. पण तुरपाई पडद्यावर दिसत नाही, आजी. प्रेक्षकाला डाग लगेच कळतो."

"प्रेक्षकाला कळतो म्हणून माझ्या हातून डाग पाडलास? पन्नास वर्षं शिवतेय. माझ्या हातून कधी पाण्याचा थेंब पडला नाही कपड्यावर. आणि पाय कोणी धरले? कोणी धरले पाय?"

"ते माझं नाहीये."

"मग काय आभाळातून पडलं?"

लेखक दाराकडे बघायला लागला. तिथे नात उभी होती. अंगात शिंपिणीच्या मुलीचा फ्रॉक, केस मुद्दाम विस्कटलेले.

"आलीस? ये, घरभेदे, ये," आजी म्हणाली. "एवढंसं तोंड आणि त्यात आजीची अब्रू मावली बरी. काय दिलं त्यांनी बदल्यात?"

"एक सीन."

"फक्त एक? स्वस्तात गेले मी."

"आजी, चावी दे. तीन वाजत आलेत."

"नाही देत. त्यांना म्हणावं, शिंपिणीला ताठ उभी करा, मग झगा घेऊन जा. तोवर मालकिणीला चादरीत गुंडाळा."

नात पुढे आली. तिचा आवाज चढला नाही. आजीला तेच जास्त झोंबलं.

"त्या सीनमध्ये मी दारात उभी असते. अख्ख्या सीझनमध्ये पहिल्यांदा कॅमेरा माझ्यावर आहे. पुढच्या सीझनला मला ठेवायचं की नाही ते यावरून ठरवणार आहेत. तोंडावर सांगितलंय तसं."

"नाही ठेवलं तर नाही. माझ्या नातीला कोणाच्या दारात उभं राहायची गरज नाही."

"तुला वाटतं ते पाय धरायचं मी घातलं? की याने?"

"मग?"

नातीने मशीनकडे पाहिलं.

मशीन थांबलं. मुलाने दाबपट्टी उचलली, कापड सोडवलं, दोरा तोडला. सगळं नेहमीसारखं सावकाश. मान मात्र वर केली नाही.

"पोरीने विचारलं," तो म्हणाला. "दारात उभं राहून बघायचं म्हणजे कसं बघायचं. मी सांगितलं."

"तुला काय ठाऊक? तू सहा वर्षांचा होतास. तुला बाहेर पायरीवर बसवलं होतं."

"बटणांचा डबा देऊन."

"देऊन! आणि हलू नको म्हणून बजावलं होतं."

"हललो नाही. डबा सांडला. एक बटण आत घरंगळलं." त्याने मशीनवरचं कापडाचं कात्रण उचललं, खाली ठेवलं. "ते घ्यायला दाराशी वाकलो, आई. तेव्हा तूही खालीच होतीस."

सुनेने इस्त्रीची वायर काढली. लेखकाला बाहेर जावं की थांबावं ते कळेना, म्हणून तो कपाटाला टेकून कपाटच होऊन राहिला.

आजीने कोट उचलला. कोपरावर जिथे वीट घासली होती तिथे अंगठ्याने दाबलं. आरपार भोक पडलं. त्या भोकातून तिने अंगठा बाहेर काढून पाहिला, जणू भोक कोणी दुसऱ्याने पाडलं होतं.

"ती म्हणाली, गल्लीतल्या सगळ्या घरांना सांगते," आजी म्हणाली. कोणाला उद्देशून ते समजलं नाही. "चौदा घरांचं शिवणकाम होतं. तुझ्या दुधातही निम्मं पाणी असायचं." मग एकदम तिचा आवाज फाटला. "बेचाळीस वर्षं! बेचाळीस वर्षं मी गोष्ट सांगतेय आणि तू पाणी पितोयस! एकदा तरी बोलायचं, गाढवा! मी खोटं सांगतेय म्हणायचं!"

"चांगली सांगायचीस," मुलगा म्हणाला.

आजीने कोट इस्त्रीच्या टेबलावर टाकला. तिने चावी काढली. कपाट उघडताना लेखकाला कोपराने बाजूला सारलं. झगा हातावर घेतला आणि कोणालाही न देता स्वतःच सेटवर निघाली. बाकीचे मागून.

मालकिणीचं काम करणारी बाई झग्यात शिरली. पाठीमागे सहा चिमटे लागले. शिंपिणीचं काम करणारी नटी नावाजलेली होती. रडण्यासाठीच तिला बोलावत. ती गुडघ्यांवर बसली आणि सराव म्हणून हुंदके द्यायला लागली. सेटवरच्या दोघांचे डोळे ताबडतोब भरून आले.

"बाई, हे काय चालवलंय?" आजी म्हणाली.

नटीने एक हुंदका अर्ध्यात सोडला. "का हो आजी?"

"कोणी मेलंय का? त्या वेळी रडू येत नाही. रडू नंतर येतं, रस्त्यात, आणि तेसुद्धा मूल बरोबर असेल तर येऊ देत नाही."

"मग काय करू?"

आजीने आजूबाजूला पाहिलं. दिव्यांखाली पंचवीस-तीस माणसं होती. तिने चष्मा सारखा केला, एक हात सोफ्यावर टेकवला आणि अडुसष्ट वर्षांचे गुडघे एकेक करून जमिनीला लावले. नात धावली.

"लांब हो. मला कोणाचा हात नको." श्वास लागला तशी ती थांबली. "हे बघा. आधी गुडघे. पाय धरायचे हे नुसतं म्हणायला. बूट असतात हो, धरायला काही सापडत नाही. हात पोटरीला लागतात. ती पाय मागे घेते, मग आपण आणखी पुढे सरकायचं. मान वर करायची नाही. केलीत तर तिला तुमचं तोंड दिसेल आणि मग ती कबूल होणार नाही."

"आणि बघू कुठे?"

"समोर काय असतं? झग्याचा घेर. तोच बघायचा."

लेखकाने पहिल्यांदा खिशातलं एक पेन काढलं.

"तुरपाई बघायची," आजी म्हणाली. "सरळ आहे का ते. सरळ होती. एकेक टाका मोजला मी. ती वर बोलत होती आणि मी खाली मोजत होते." तिने घेराची कड दोन बोटांत धरली, उलटी करून पाहिली. कपाळाला आठी पडली. "ही बघा. यांचीही वाकडी. अख्खं दुकान आंधळं आहे."

"उठा आता, आजी," लेखक म्हणाला.

"खाली आलेच आहे तर थांब." तिने पदराला टोचून ठेवलेली सुई काढली आणि नखाने पहिला टाका उसवला.

"आई, भाड्याचा आहे," सून वाकून कुजबुजली. "दुकानवाला ओळखेल."

"ओळखू दे."

वरून मालकीण म्हणाली, "मी हलू का?"

"हललात तर टोचेल."

आजीने हात मागे केला. काही न मागता तळव्यात निळ्या दोऱ्याचं रीळ पडलं. मुलगा शेजारी येऊन जमिनीवर बसला होता. तिने वळून पाहिलं नाही. रीळ आणि सुई, दोन्ही त्याच्याच हातात दिली.

"ओव," ती म्हणाली. "मला इथून दिसत नाही."

दारात नात आपल्या खडूच्या खुणेवर उभी होती आणि बघत होती. कॅमेरा अजून सुरू झाला नव्हता.