एका फॉर्मवर एकच नंबर

आमच्या जहाजात अडीच हजार प्रवासी मावतात आणि त्या सफरीला आले होते एकेचाळीस. एकेचाळीस! साथीच्या आधी एवढी माणसं नुसती लिफ्टसमोर खोळंबलेली असायची. आणि त्या एकेचाळिसांच्या दिमतीला आम्ही किती? इंजिनवाले आणि कप्तानाची माणसं सोडली तरी तीनशे सहा. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

मी केबिन साफ करणारी. चौदा वर्षं हेच काम. पूर्वी माझ्याकडे अठरा केबिन असायच्या, दुपारपर्यंत कंबरेचा काटा ढिला व्हायचा, पण दिवस कसा जायचा ते कळायचं नाही. आता दोन केबिन. दोन केबिन आठ तासांत किती वेळा पुसणार माणूस? तरी पुसायच्या. वरून हुकूमच होता, की जहाज भरलेलं आहे असं समजून सगळं चालू ठेवा. रोज संध्याकाळी रिकाम्या नाट्यगृहात बारा जणी पिसं लावून नाचायच्या आणि समोर एक जोडपं मास्क लावून टाळ्या वाजवायचं. बिचारे उठून जायलाही लाजायचे. पण माझं डोकं फिरलं होतं ते यामुळे नाही. ते फिरलं होतं फॉर्ममुळे.

सफर संपताना प्रत्येक केबिनला एक फॉर्म देतात. जेवण कसं होतं, स्वच्छता कशी होती, वगैरे. सगळ्यात खाली एक चौकोन असतो. ज्याचं काम आवडलं त्याचा बिल्ला नंबर तिथे लिहायचा. एका फॉर्मवर एकच नंबर. पूर्वी हजारभर फॉर्म यायचे, त्यामुळे या चौकोनाकडे कुणी ढुंकून बघायचं नाही. साथ ओसरून जहाज पुन्हा सुटलं, तेव्हा मॅनेजरसाहेबांनी आम्हाला जेवणघरात उभं केलं आणि सांगितलं, की पहिल्या तीन सफरींत ज्याचा नंबर एकाही फॉर्मवर येणार नाही, त्याचा करार संपला. त्यानं बंदरावर उतरायचं. "प्रवासीच ठरवतील," साहेब म्हणाले. म्हणजे काढणार कंपनी आणि पाप त्या भाबड्या प्रवाशांच्या माथी.

ही तिसरी सफर होती. पहिल्या दोन सफरींत माझा मजलाच बंद ठेवला होता. या खेपेला भरलेल्या केबिन तेवीस, म्हणजे फॉर्म तेवीस आणि त्यावर डोळा ठेवून बसलेली माणसं शेकड्यांनी. मग जे व्हायचं तेच झालं. एका बाईंना शिंक आली तर चार दिशांनी सहा जण रुमाल घेऊन धावले. एक म्हातारे गृहस्थ जेवताना घड्याळात बघत होते, तर वाढपी घाबरून सूप, भाजी आणि आइस्क्रीम एकदमच घेऊन आला. लोक केबिनमधून बाहेर पडेनासे झाले. आणि ते बाहेर पडत नाहीत म्हणून आमची माणसं दारं ठोठावून विचारायची, काही हवंय का?

मला काळजी दोन नंबरांची होती. एक माझा, तीनशे अठरा. दुसरा सातशे दोन. तो आमच्या भाऊजींचा, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांचा.

भाऊजींना या जहाजावर चिकटवलं मीच. साथीच्या आधी ते घरी बसून सायकली दुरुस्त करायचे, त्याही शेजाऱ्यांच्या, त्याही फुकट. सासूबाई म्हणाल्या, याचं काहीतरी बघ गं. मी बघितलं. भांडी घासायच्या खोलीत जागा होती, तिथे लावून दिलं. मग साथ आली, सगळे दीड वर्ष घरी. आमच्या ह्यांची टॅक्सी दारात उभी राहून तिच्याखाली मांजर व्यालं. आता जहाज सुटलं होतं, टॅक्सी अजून उभीच होती, आणि घरात मिळवती माणसं आम्ही दोघंच.

पण भांडी घासणारा माणूस प्रवाशाला दिसतो कुठे? त्याची खोली पाण्याच्या रेषेखाली, दोन लोखंडी जिने उतरून. मी साहेबांकडे गेले.

"साहेब, भाऊजींचा नंबर कोण लिहिणार? त्यांना तर कुणी बघितलेलंच नाही."

"नियम सगळ्यांना सारखा."

"मग इंजिनवाल्यांना का नाही?"

"ते वेगळं खातं आहे," साहेब म्हणाले आणि हातावर सॅनिटायझर चोळत राहिले. दगडावर डोकं आपटलं असतं तर दगडाला निदान टेंगूळ तरी आलं असतं.

मग मीच ठरवलं. माझ्याकडे दोन केबिन, म्हणजे दोन फॉर्म. एक माझा, एक भाऊजींचा. दुपारी खाली जाऊन त्यांना सांगितलं. कोपरापर्यंत फेसात हात, मान खाली, समोर माणसाएवढं पातेलं.

"भाऊजी, तुमच्या नंबरची सोय मी करते."

"वहिनी, राहू द्या ना."

"राहू द्या काय राहू द्या? उतरवतील बंदरावर. मग घरी जाऊन काय, फुकटच्या सायकली?"

"तसं नाही, पण..."

"पण-बिण काही नाही. तुम्ही आपली भांडी घासा."

ते पुन्हा पातेल्यात वाकले. भिडस्त माणूस, दुसऱ्याला त्रास नको म्हणतोय, असं मला वाटलं. जरा रागच आला त्या भिडेचा.

माझ्या पहिल्या केबिनमध्ये एक निवृत्त शिक्षिका आणि त्यांचे मिस्टर होते. बाई लाघवी. रोज म्हणायच्या, "अगं, चादर इतकी ताणून घालतेस, आम्हाला झोपायला जिवावर येतं. तुझ्यासारखी मुलगी नाही पाहिली मी." पंचेचाळिसाव्या वर्षी मला कुणी मुलगी म्हटलं, त्यातच मी विरघळले. हा फॉर्म आपला, असं मी गृहीत धरलं. मागायला गेले नाही. बाकीचे भिकाऱ्यासारखे मागतायत, आपलं काम बोलतं, हा माझा तोरा.

दुसऱ्या केबिनमध्ये एकटेच एक काका. आयुष्यभर रेल्वे स्टेशनच्या माइकवर गाड्यांची घोषणा करून निवृत्त झालेले. तिकीट साथीच्या आधी काढलेलं, कंपनी ते रद्द करून देईना, म्हणून आलेले. पहिल्या दिवशी पाटी लावली, 'कृपया त्रास देऊ नये'. तर ती पाटी नीट लटकतेय ना, हे बघायला आमचे तिघे येऊन गेले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला दारातच धरलं. "आज केबिनपासून नाश्त्यापर्यंत मला बावन्न वेळा 'सुप्रभात' झालं. मी मोजलं. एकतीस वर्षं मी बोलत आलोय, बाई, गाडी उशिरा येत आहे, गाडी उशिरा येत आहे. आता कुणी माझ्याशी बोलू नये, एवढंच मागणं आहे. मला कसं वाटतंय हे न विचारणारा एक तरी माणूस आहे का या जहाजावर?"

"आहे," मी म्हणाले.

प्रवाशांना खाली न्यायला सक्त मनाई होती, साथीच्या नियमांत तर दुहेरी. पण रोज सकाळी त्यांच्याही नाकात काडी जायची आणि आमच्याही, तेव्हा कोण कुणाला काय देणार होतं? जेवणानंतर सगळे जरा कलंडतात, तेव्हा मी त्यांना मागच्या जिन्यानं घेऊन गेले.

भाऊजींनी मान वर केली नाही. सुप्रभात नाही, नमस्कार नाही, काही नाही. काका दाराशी उभे राहिले, इकडे तिकडे बघितलं, खुंटीवरचं फडकं घेतलं आणि एक झाकण पुसायला लागले. मग दुसरं. नळाचं पाणी आणि भांड्यांचा खणखणाट, बाकी पाऊण तास तिथे एक शब्द नाही. वर येताना काकांचा चेहरा बघण्यासारखा होता.

"उद्या किती वाजता?" त्यांनी विचारलं.

चार दिवस ते रोज आले. मोठ्या कढया पुसायला लागले. भाऊजी त्यांच्याकडे घासलेलं भांडं सरकवायचे, ते पुसून फळीवर ठेवायचे. शेवटून दुसऱ्या दिवशी मी काकांना स्पष्टच सांगितलं, की फॉर्मवर सातशे दोन लिहाल का? फक्त खाली गेलो होतो असं लिहू नका, माझी मान अडकेल.

"नुसता नंबर?"

"नुसता नंबर."

"एकतीस वर्षं नंबरच वाचले. चूक होणार नाही." मग त्यांनी खिशातलं पेन काढलं. "पण मला तिथे नेलंत तुम्ही. तुमचाच लिहितो ना. तुमचा कितवा?"

खोटं कशाला बोलू, क्षणभर जीभ पुढे आली होती. पण मी म्हणाले, "माझी सोय झालीय, काका."

शेवटच्या सकाळी बाईंच्या केबिनमध्ये गेले, तर त्यांच्या बॅगा भरून तयार.

"बाई, फॉर्म भरलात?"

"भरला आणि पेटीत टाकलासुद्धा!"

"आणि खालच्या चौकोनात...?"

"तीच तर पंचाईत झाली गं. सूप वाढणाऱ्यानं त्याचा नंबर दिला, दार उघडणाऱ्यानं दिला, त्या नाचणाऱ्या मुलींनी बाराच्या बारा दिले. एकाचा लिहावा तर बाकीच्यांवर अन्याय. छत्तीस वर्षं वर्ग सांभाळला, कधी कुणाला डावं-उजवं केलं नाही. म्हणून लिहिलं, सगळेच उत्तम."

माझ्या हातात त्यांची उशी होती. ती मी कितीतरी वेळ झटकत राहिले.

"बाई," मी म्हणाले, "ज्याचा नंबर नाही त्याची आज नोकरी जाते."

बाईंचा चेहरा पांढरा पडला. मिस्टर बॅगेची चेन लावायची थांबले. "अगं, मग आधी सांगायचं नाहीस का?" बाई म्हणाल्या आणि तशाच मास्क न लावता खाली काउंटरकडे पळाल्या. पेटीला सील लागलं होतं. सील तोडता येत नाही, नियम. परत येऊन त्या माझा हात धरून रडल्या. वर मलाच त्यांची समजूत काढावी लागली. मला त्यांचा संताप येत होता आणि त्यांच्यावर ओरडताही येत नव्हतं, कारण त्या खरंच चांगल्या होत्या.

दुपारी कामगारांच्या जेवणघराबाहेर यादी लागली. सातशे दोन होता. तीनशे अठरा नव्हता. सफाईची अर्धीअधिक माणसं नव्हती. बारा नाचणाऱ्यांपैकी एकच राहिली होती, आता ती एकटी काय नाचणार ते साहेबांनाच ठाऊक. बंदरावर आमच्यासाठी बसगाड्या लागल्या. मी बॅग भरली. चौदा वर्षांचं सामान एका बॅगेत मावलं, याचाही राग आला.

कामगारांच्या दाराशी भाऊजी धावत आले. ओला एप्रन तसाच.

"वहिनी, यादीत काहीतरी चूक आहे. माझा नंबर लागलाय."

"चूक नाही. मी लावलाय." मग मी त्यांना सगळं सांगितलं. काकांचा फॉर्म, बाईंचा फॉर्म. सांगताना माझा आवाज चढत गेला. "आता नऊ महिन्यांचा करार मिळेल तुम्हाला. घर तुमच्यावर आहे. नीट काम करा. कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि जरा हसत जा लोकांकडे बघून."

भाऊजी दाराशेजारच्या खोक्यावर मटकन बसले. आनंदानं बसलाय माणूस, असं मला आधी वाटलं.

"मला बोट लागते, वहिनी."

"काय?"

"बोट लागते. पहिल्या दिवसापासून. मान वर केली की गरगरतं, म्हणून मी कुणाकडे बघत नाही. दिवसातून दोनदा ओकतो. मला वाटलं, आपल्याला तर कुणी बघत नाही, आपला नंबर काही येत नाही. तिसरी सफर संपली की सुटलो. दिवस मोजत होतो मी."

माझ्या डोळ्यांपुढे ते काका आले. आनंदानं कढया पुसणारे, आणि त्यांच्या शेजारी हा माणूस ओकारी दाबत उभा.

"अहो, मग आधी का नाही बोललात?"

"तुम्ही बोलू कधी दिलंत, वहिनी?"

रागानं म्हणाले असते तर मी चार शब्द सुनावले असते. पण त्यांनी ते किती वाजले सांगावं तसं सांगितलं. आणि ते खरं होतं.

बसचा हॉर्न वाजला. तोंडाशी दहा सूचना आल्या होत्या. लिंबू हुंगा, पोट रिकामं ठेवू नका, साहेबांना सांगून वरच्या मजल्यावर काम मागा. मी त्या सगळ्या गिळल्या.

"तुम्ही सांगा," मी म्हणाले. "काय करायचं ते तुम्ही सांगा."

आणि गप्प उभी राहिले. चौदा वर्षांत इतकं अवघड काम मी केलं नव्हतं. भाऊजी जमिनीकडे बघत होते. दुसरा हॉर्न झाला. पुढच्या सफरीच्या चादरींची ढकलगाडी आमच्या मधून गेली, तरी ते बोलेनात, तरी मी गप्प.

"तुम्ही जा," शेवटी ते म्हणाले. "घरात कुणीतरी मिळवतं पाहिजे. मी राहतो." उठले, एप्रनला हात पुसले. "फक्त आईला सांगू नका, मला लागते ते."

मग खाली मान घालून, भिंतीला एक हात धरून, ते जिना उतरायला लागले.